स्पीकरमधली घूं कुठून येते?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र चार पानांचे आहे, त्यातला मुद्दा थोडक्यात असा. मुलगा बारावीला आहे. त्याने स्वतःच्या हाताने हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. माशाअल्लाह, वाजतोही छान. पण गाणे थांबले, की आतून ‘घूं’ असा आवाज येत राहतो. आता तो म्हणतो, की ‘लो-नॉइज पॉवर सप्लाय’ नावाचा तयार बोर्ड मागवला तर आवाज जाईल. किंमत अडीच हजार. ‘त्याचे अब्बा कुवेतला आहेत, पैसे पाठवतीलही, पण तळहाताएवढ्या पट्टीला अडीच हजार कशाचे? आणि विजेशी चाललेला हा खेळ बघून मला रात्री झोप लागत नाही. काय करू?’

आपा, आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. बोर्ड आत्ता घेऊ नका. मुलाला थांबवूही नका. आणि झोप उडवणारी जी भीती आहे, ती अगदीच खोटी नाही. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिले आहे, तो भाग त्याला मोठ्याने वाचायला लावा.

आता ही घूं. जुन्या लोकांना ती नवीन नाही. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना आठवत असेल, की रेडिओ म्हातारा झाला की बातम्यांच्या मागे एक संथ गुणगुण सुरू व्हायची. दुरुस्तीवाला पाठ उघडून आधी एक जाडजूड नळकांडे बदलायचा आणि गुणगुण जायची. ते नळकांडे म्हणजे कपॅसिटर. तुमच्या मुलाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तसेच दोन असतील, फक्त आकाराने लहान.

त्यांचे काम पाण्याच्या टाकीसारखे असते. नळाला पाणी दिवसातून दोन वेळा येते, पण घरात भांडी दिवसभर घासली जातात. मधली वेळ टाकी भागवते. आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाणारी. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो. मग चार डायोडांचा ब्रिज दोन्ही बाजूंचे हेलकावे एकाच दिशेला वळवतो. त्यामुळे कपॅसिटरच्या टाकीत सेकंदाला १०० वेळा पाणी येते, आणि दोन वेळांच्या मध्ये पातळी थोडी खाली जाते. कोकणातल्या माणसाला सोप्या भाषेत सांगायचे, तर सेकंदाला १०० वेळा भरती-ओहोटी. या भरती-ओहोटीला इंग्रजीत रिपल म्हणतात. ती गाण्याच्या वाटेत शिरली, की कानाला १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते.

पातळी किती उतरते याचा हिशोब बारावीच्या मुलाला सहज जमेल. अ‍ॅम्प्लिफायर खातो तो प्रवाह अँपिअरमध्ये घ्यायचा आणि त्याला कपॅसिटरच्या फॅरडच्या १०० पटीने भागायचे. हेडफोनच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरला ५० मिलिअँपिअर लागतात आणि कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा आहे असे धरले, तर ओहोटी येते साधारण ०.२३ व्होल्टची. हेच एखाद्या मोठ्या स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरने १ अँपिअर ओढला आणि टाकी ४७०० मायक्रोफॅरडची असली, तर ओहोटी २ व्होल्टच्याही वर जाते.

टाकीच्या पुढे तोटी लागते, म्हणजे रेग्युलेटर. आत पातळी वर-खाली झाली तरी बाहेर धार सारखी पडावी, एवढेच तिचे काम. त्यातला सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे एलएम३१७. १९७६ साली नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत तो तयार झाला आणि आजही लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो चहाच्या दोन-तीन कपांच्या भावात मिळतो. पन्नाशीच्या या म्हाताऱ्याला कमी लेखू नये. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे तो ओहोटी ६५ डेसिबलने दाबतो. त्याच्या ‘अ‍ॅडजस्ट’ पायाला १० मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर जोडला, तर ८० डेसिबलने. डेसिबलची गोम एवढीच लक्षात ठेवायची, की दर २० डेसिबलला आकडा दहापट लहान होतो. ८० डेसिबल म्हणजे दहा हजारपट. वरचे ०.२३ व्होल्ट म्हणजे २३० मिलिव्होल्ट. दहा हजाराने भागले, की राहतात २३ मायक्रोव्होल्ट. एका रुपयाच्या कपॅसिटरने पाचपटीहून जास्त फरक पडतो, आणि नेमका तोच कपॅसिटर स्वस्त बोर्डांवर बरेचदा गाळलेला असतो.

गोष्ट इथेही संपत नाही. हेडफोनच्या अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा एनई५५३२ किंवा त्याच्या घराण्यातला ऑप-अ‍ॅम्प असतो. या चिपला स्वतःलाच सप्लायमधली गडबड आत न घेण्याची सवय असते. कमी हर्ट्झला ती साधारण १०० डेसिबल, म्हणजे एक लाखपट. २३ मायक्रोव्होल्टला एक लाखाने भागून बघा. जे उरते ते कुठल्याही माणसाच्या कानाला ऐकू येणे शक्य नाही.

मग मुलाला घूं ऐकू येते ती कुठली? एलएम३१७ वर १० मायक्रोफॅरड लावलेला असूनही घूं येत असेल, तर नऊ वेळा दोष रेग्युलेटरचा नसतो; तारा कुठून कुठे नेल्या त्याचा असतो. अडीच हजारांचा बोर्ड आणून त्याच चुकीच्या तारांना जोडला, तर घूं तशीच राहील आणि घरात दोन लोक नाराज होतील.

बेटा, आता हा भाग तुझ्यासाठी. बोर्ड मागवण्याआधी एक परीक्षा घे. खर्च ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचा. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढ, सप्लायच्या तिन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडव. दोन्ही बॅटऱ्या एकीला एक जोड. मधला सांधा म्हणजे ग्राउंड, एका टोकाला अधिक ९, दुसऱ्या टोकाला उणे ९. तुझा ऑप-अ‍ॅम्प यावर खुशाल चालेल. उलटसुलट मात्र जोडू नकोस, चिप जागच्या जागी जाईल. आता हेडफोन लावून ऐक.

बॅटरीवरही घूं आहे? मग कुठलाही पॉवर सप्लाय बोर्ड ती घालवू शकत नाही, कारण सप्लायच आता तिथे नाही. इनपुटची तार काढून दोन्ही टोके एकमेकांना जोडून बघ. घूं गेली तर ती तारेतून येत होती. जाळी नसलेली साधी तार घरातल्या विजेच्या तारांशेजारी अँटेनासारखी वागते. गाणे लॅपटॉपवरून घेत असशील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. चार्जर काढताच आवाज बंद झाला, तर तो चार्जरच्या वाटेने येत होता.

बॅटरीवर सगळे शांत आहे? छान. पण म्हणून लगेच रेग्युलेटरला फाशी देऊ नकोस. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवरच चालू ठेव आणि ट्रान्सफॉर्मर, त्याच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता, नेहमीच्या जागी ठेवून भिंतीत लाव. घूं परत आली? मग ती तारेतून नव्हे, हवेतून येते आहे. ट्रान्सफॉर्मरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या तारांत शिरते. हा आवाज ५० हर्ट्झचा असतो. १०० हर्ट्झच्या खरखरीत घरघरीपेक्षा खालचा, गोल, घुमणारा. कानाला एकदा सवय झाली की दोन्ही लगेच वेगळे ओळखू येतात. ट्रान्सफॉर्मर वीतभर लांब सरकव, जागच्या जागी फिरवून बघ. एखाद्या कोनात आवाज एकदम पडतो. त्याच जागी स्क्रू मार. त्याच्या दुय्यम बाजूच्या तारा वेणीसारख्या पिळून घे. पैसा शून्य.

हवेतूनही येत नसेल, तर आपण खऱ्या गुन्हेगारापाशी पोहोचलो, म्हणजे ग्राउंडच्या तारेपाशी. इथे जरा थांबून वाच, कारण बहुतेक छंदवाले इथेच घसरतात.

टाकीत पाणी सेकंदाला १०० वेळा येते असे वर म्हटले. पण ते सावकाश येत नाही, धाडकन येते. ट्रान्सफॉर्मरची लाट शिखराला असेल तेवढ्या थोड्या वेळातच डायोड उघडतात आणि मधल्या वेळेचा सगळा भरणा एका झटक्यात करून टाकतात. त्यामुळे सरासरी प्रवाह ५० मिलिअँपिअर असला, तरी झटका अर्ध्या अँपिअरपर्यंतही जाऊ शकतो. हा झटका ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि दोन कपॅसिटरांचा मधला सांधा यांच्यातल्या तारेतून जातो. ती तार १० सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल, तर तिचा रोध साडेतीन मिलिओहमच्या आसपास. आकडा क्षुल्लक वाटतो. पण अर्ध्या अँपिअरने गुणले, की जवळजवळ पावणेदोन मिलिव्होल्ट होतात. रेग्युलेटरने मेहनत करून ओहोटी २३ मायक्रोव्होल्टवर आणली होती. या एका तारेवर तिच्या सत्तरपट गडबड उभी राहिली. आणि तू सिग्नलचा ग्राउंड या तारेच्या टॅपकडच्या टोकाला जोडला असशील, तर ही सगळी गडबड गाण्याबरोबर सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडात गेली. ऑप-अ‍ॅम्पची लाखपट सवय इथे उपयोगी नाही. ती सप्लायच्या पायांसाठी असते, इनपुटसाठी नव्हे.

इलाज सोपा. टॅपची तार, ब्रिजच्या तारा थेट कपॅसिटरांपाशी न्यायच्या आणि तिथे संपवायच्या. दोन कपॅसिटर जिथे मिळतात तिथून एक छोटी वेगळी तार पुढे काढायची आणि तिच्या टोकाला ग्राउंडचा ठिपका करायचा. रेग्युलेटरचा ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड, हेडफोनच्या सॉकेटचा ग्राउंड या सगळ्या तारा चांदणीच्या टोकांसारख्या या एका ठिपक्यावर याव्यात. भरण्याचा झटका टॅप आणि कपॅसिटर यांच्यात फिरत राहील, ठिपक्यापर्यंत येणारच नाही. एका संध्याकाळचे काम आहे, सोल्डरचे दोन-तीन इंच लागतील.

संध्याकाळवरून एक गोष्ट आठवली. पत्रात एक ओळ सहज लिहिली आहे, ‘दिवसा कमी असते, मगरिबनंतर जास्त जाणवते.’ आपांना वाटले घर शांत असते म्हणून. तसे असेल, पण दुसरे कारणही असू शकते आणि ते तपासायला हवे. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, पंप चालू होतात आणि गावाकडे व्होल्टेज बसते. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर २३० वर असताना कपॅसिटरवर साधारण २० व्होल्ट देतो. भिंतीत १९० राहिले, तर इथे साडेसोळाच उरतात. एलएम३१७ ला स्वतःच्या कामासाठी दोन ते अडीच व्होल्ट हवे असतात. त्याला १५ बाहेर द्यायला लावले असेल, तर हातात दीडच राहतो. तो तोटी म्हणून काम करणे सोडून देतो आणि ओहोटी जशीच्या तशी पुढे जाऊ देतो. हलक्या भारावर ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा थोडे जास्त देतो, म्हणून थोडा आधार मिळतो, पण त्यावर भरवसा ठेवू नये. मीटर घेऊन रात्री आठ वाजता रेग्युलेटरच्या आतल्या आणि बाहेरच्या पायांमधले अंतर मोज. तीन व्होल्टपेक्षा कमी असेल तर बाहेरचे व्होल्टेज उतरव. २२० ओहम आणि १.८ किलोओहम ही कुठल्याही दुकानात मिळणारी जोडी लावली, की साडेअकरा व्होल्ट मिळतात. तुझ्या ऑप-अ‍ॅम्पला ते पुरेसे आहेत. हेडफोनवर आवाजात फरक कळणारही नाही, आणि रात्रीची घूं गेलेली असेल.

उणे बाजूला एलएम३३७ लागतो. त्याच्या पायांचा क्रम ३१७ सारखा नाही. समोरून बघता ३१७ चे पाय अ‍ॅडजस्ट, बाहेर, आत; ३३७ चे अ‍ॅडजस्ट, आत, बाहेर. दोघांच्या पाठीचा पत्राही वेगवेगळ्या पायांना जोडलेला असतो, म्हणून दोघांना एकाच उघड्या हीटसिंकवर कसू नये. अभ्रक घालूनच.

आता त्या महाग बोर्डाकडे वळतो, कारण तो अगदीच फसवणुकीचा माल आहे असे मला म्हणायचे नाही. असे बोर्ड बहुतेक एलटी३०४५ नावाच्या चिपवर बेतलेले असतात. ही चिप ३ मिलिमीटर लांब-रुंद आकारातही येते, आणि तिची स्वतःची गडबड ०.८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे खरोखर नवलाची. साडेअकरा व्होल्टवर एलएम३१७ ची तीच गडबड तक्त्याप्रमाणे साडेतीनशे मायक्रोव्होल्टच्या आसपास येते. चारशेपटीहून मोठा फरक. पण ही गडबड घूं नव्हे. ही ‘सूंऽऽ’ अशी बारीक सळसळ, आणि ती सप्लायच्या पायावरची. ऑप-अ‍ॅम्प दोन्हींना सारखेच दाराबाहेर ठेवतो. जो आवाज कानापर्यंत पोहोचतच नव्हता, तो चारशेपट कमी करण्याचे हे अडीच हजार.

यावर हौशी लोकांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. अमेरिकेतल्या ‘द ऑडिओ अमॅच्युअर’ मासिकात १९९५ साली वॉल्ट युंग, यान डिडन आणि सहकाऱ्यांनी लेखमाला लिहून ‘सुपर रेग्युलेटर’ घरोघर नेला. आजचे महाग बोर्ड त्याच हौसेचे वारस म्हणायला हरकत नाही. उलट इंग्लंडचे डग्लस सेल्फ यांच्यासारखे अभियंते सांगत आले, की ऑप-अ‍ॅम्पच्या सर्किटला साधे, स्वस्त रेग्युलेटर पुरतात. वरचे आकडे मांडून बघितले, तर मला सेल्फ यांची बाजू पटते. युंग यांच्या बाजूने एवढे म्हणेन, की त्यांच्या लेखांनी हजारो लोकांना मोजायला शिकवले.

महाग बोर्ड कामाचा ठरतो अशा जागाही आहेत. डिजिटल फायलीतून आवाज बनवणाऱ्या डॅक चिपला एक संदर्भ व्होल्टेज लागते, आणि त्यातली गडबड थेट आवाजात उतरते. तिथल्या घड्याळाच्या क्रिस्टललाही स्वच्छ सप्लाय मानवतो. दुसरी जागा म्हणजे मोबाइलच्या चार्जरसारखा स्विचिंग अ‍ॅडॅप्टर. तो हजारो हर्ट्झच्या वेगाने उघडझाप करतो आणि त्या उंचीवर एलएम३१७ ची पकड फार ढिली पडते. एलटी३०४५ मात्र १० लाख हर्ट्झलाही ७६ डेसिबल दाबतो. स्विचिंग अ‍ॅडॅप्टर वापरायचाच असेल, तर असा बोर्ड घेण्यात अर्थ आहे. घेतलाच तर अ‍ॅम्प्लिफायरला अगदी चिकटून बसव. वीतभर तारेने जोडलास, तर त्या तारेचाच रोध त्याच्या सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो.

लहान प्रवाहासाठी एक घरगुती युक्ती जाता जाता. रेग्युलेटरच्या आधी १० ओहमचा रेझिस्टर आणि त्यामागे १००० मायक्रोफॅरड. ५० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट खर्च होतो, पण १०० हर्ट्झची ओहोटी सहापट कमी होते. ज्यांनी एलएम३८६ ची छोटी चिप वापरली आहे, त्यांनी आधी सातव्या पायाला १० मायक्रोफॅरड लावला आहे का ते बघावे. तो नसेल तर ती चिप सप्लायची घूं फारशी रोखतच नाही. जुन्या तबकड्यांच्या रेकॉर्ड प्लेअरचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्याच्या प्री-अ‍ॅम्प्लिफायरला खालचे सूर मुद्दाम उचलावे लागतात, १०० हर्ट्झला साडेचारपट आणि ५० ला सातपट, म्हणून तिथे घूं सगळ्यात आधी डोके वर काढते. मुंबईच्या चोरबाजारातून प्लेअर आणणाऱ्यांनी आधी त्याची अर्थची बारीक तार जागेवर आहे का ते पाहावे. आणि हो, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनेही किरकिर येते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून बघितल्याशिवाय कुणालाच दोष देऊ नये.

आता आपांची भीती.

घूं घालवण्याचा एक उपाय मुलांना कुणीतरी हमखास सांगतो, की थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून टाक, म्हणजे अर्थिंग तुटेल आणि आवाज जाईल. वाईट गोष्ट ही, की आवाज बरेचदा खरेच जातो. दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून जो फेरा तयार झालेला असतो तो तुटतो, आणि मुलाला वाटते, जमले. पण ती पिन आवाजासाठी नसते. ट्रान्सफॉर्मरचे वेष्टण जळाले किंवा एखादी फेजची तार सुटून पत्र्याच्या डब्याला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. पिन कापलेली असेल तर काहीच उडत नाही. डबा गुपचूप २३० व्होल्टवर बसून राहतो. हेडफोनची तार त्याच डब्याच्या सॉकेटमध्ये असते आणि हेडफोन पोराच्या कानांवर. म्हणून घरात असा पिन कापलेला प्लग दिसला, मग तो अ‍ॅम्प्लिफायरचा असो, मिक्सरचा असो की इस्त्रीचा, त्याच दिवशी बदला. अर्थिंगच्या फेऱ्याची घूं घालवायला ऑडिओचा छोटा ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारेत लावतात. पिनेला हात लावत नाहीत.

त्याचबरोबर घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या; जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. मीटरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतलात, तर अडीच हजारांतले काही पैसे त्यात जातील, आणि ते मुलापुरते नाही, घरातल्या सगळ्यांच्या कामाचे.

मुलासाठी तीन अटी घाला. ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीकडच्या बाजूचा एकही सांधा उघडा दिसता कामा नये, प्रत्येकावर स्लीव्ह हवी. फेजच्या तारेत फ्यूज हवा. आणि डबा उघडायचा असेल, तर स्विच बंद करून भागणार नाही. प्लग काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवायचा. एवढे नको वाटत असेल, तर सुरुवातीचे वर्ष बॅटरीवरच काढू द्या. बॅटरीएवढा शांत सप्लाय दुसरा नाही, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही.

कपॅसिटर उलटा लागला तर फुटतो, तेव्हा पहिल्यांदा वीज देताना तोंड लांब ठेवायचे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात; त्यांच्यावर ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला, की अर्ध्या-पाऊण मिनिटात रिकामे होतात.

दुकानात जायचेच झाले, तर चिठ्ठी अशी द्या. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५, ५०० मिलिअँपिअर. १एन४००७ चे आठ डायोड. चार ब्रिजला, चार रेग्युलेटरांच्या संरक्षणाला. एलएम३१७ आणि एलएम३३७ एकेक, शक्यतो एकाच दुकानातून आणि बिलासह, कारण खोटे छापलेले भाग बाजारात खूप आहेत. २२०० मायक्रोफॅरडचे दोन आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, २२० ओहम आणि १.८ किलोओहमच्या दोन-दोन पट्ट्या, ४.७ किलोओहमच्या दोन, फ्यूज आणि त्याचा होल्डर, अभ्रकाचे वॉशर, स्लीव्ह. २२०० च्या कपॅसिटरांवर ३५ व्होल्ट लिहिलेले बघून घ्या. दुकानदार २५ चे पुढे करेल, स्वस्तही पडतील. पण रिकामा ट्रान्सफॉर्मर आणि रात्री दोन वाजता चढलेले व्होल्टेज एकत्र आले, की २५ ची मर्यादा ओलांडली जाते.